कापूस आणि तिळाची फुगडी

गुरुवार, संध्याकाळ

कापूस गेला. तिळानेच त्याचं पोट फाडलं. लेकीने हट्टाने एकत्र आणलेले दोन ससे, एका पिंजऱ्यात वाढलेले. दवाखान्यातून आत्ताच आले. ओढणीला त्याचे पांढरे केस चिकटलेत, झटकवत नाहीत.

डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही वेगळं दिसलं नाही?"

दिसलं होतं. आठवडाभर दोघं एकमेकांभोवती गरगर फिरून राहिले होते. आम्ही म्हटलं, फुगडी खेळतात. हसलो, रोज व्हिडिओ काढले. डॉक्टर म्हणाले, नर वयात आले की भांडणाआधी असेच फिरतात, तेव्हाच वेगळे ठेवायचे. वेगळे कुठे? या उन्हात सशांना गारवा लागतो, अन् कूलर एकाच खोलीत आहे. पण त्याच खोलीत दुसरा पिंजरा मावला असता की. काहून नाही सुचलं?

लेक तिळाकडे बघत नाही. तो शांतपणे कोथिंबीर खाऊन राहिला. तोंडाला पांढरे केस.

ते व्हिडिओ मीच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे. आत्ता पारशिवनीहून मावशीचा मेसेज आला, "आज फुगडी नाही टाकली का वं? लेकरं वाट पाहून राहिले."