खाकरून या, बाबाजी

१२ जानेवारी, सोम. अमरावती
क्रिटिकल केअरच्या कोर्सची शेवटची पोस्टिंग. मले बेड ४. नलूबाई, हिवरखेडच्या, न्यूमोनिया, व्हेंटिलेटरवर. रोज सकाळी झोपेचं औषध थांबवायचं. बाई जागी होऊन शांत राहिली तर स्वतःच्या श्वासावर ठेवून पाहायचं. जमलं तर तोंडातली नळी निघते.
आज नाई जमलं. जागी झाली अन् उजवा हात सरळ नळीकडे. मी धरला. बीपी वर, अलार्म, औषध पुन्हा सुरू. चार्टवर लिहिलं, अस्वस्थ, नळी ओढते.
मनात दुसरं काहीतरी वाक्य होतं. चार्टले वाक्य चालत नाई.

१३ जाने., मंगळ.
तेच. आता हात पट्टीनं बांधला. त्यानं बाई जास्तच भडकली.
तेजस्विनी (अकोल्याची, रेस्पिरेटरी थेरपी शिकून राहिली, सगळी श्वासाची मशिनं तिच्याकडे) म्हणे फुप्फुस तयार आहे, बाईच तयार नाई. राउंडले सर म्हणाले शुक्रवारपर्यंत पाहू, नाईतर गळ्याले छेद देऊन तिथून नळी. हिवरखेडले ती नळी रोज साफ कोण करेल, हे कोणी बोललं नाई.
भेटीले एकच माणूस. तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. नवरा नाई आता, घरचा कर्ता हाच. धोतर, टोपी, पायात हॉस्पिटलचे निळे कव्हर. नेमका आम्ही तिले जागं करतो तेव्हाच येते. पायथ्याशी उभा. तिच्याशी बोलत नाई, माह्याशी बोलते. "तिले सांगा, म्हैस व्याली. वगार झाली."
मी कानात सांगितलं. तोवर औषध चढलं होतं.

१४ जाने., बुध. अकोट
संक्रांतीची सुटी. आईचे दोन्ही हात तिळाच्या पोळीत. बाहेर मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, खाकरले. आईचा हात उठला, पीठ लागलेल्या मनगटानंच पदर डोक्यावर. छातीवरून, तोंडासमोरून, वर.
तोंडासमोरून.
मी पोळी तशीच ठेवली. आईले विचारलं, काहून घेते पदर, ते तर घरचेच.
"मी कुठं घेतो? हात जाते आपोआप."
अन् मोठे बाबा न खाकरता आले तर? म्हणे एकदा आले होते, तर हातातलं पातेलं पडलं.
यष्टीत उभ्यानं परत. बसायचं सुचलंच नाई, जागा होती तरी.

१५ जाने., गुरु.
तेजूले सांगितलं, बाई नळी ओढत नाई, भासरा दिसला की पदर घ्यायले हात जाते. हसली. "लेका, हे कोणत्या पुस्तकात आलं?" मग हसणं थांबलं. तिची आजीही तशीच म्हणे.
बाईच्या डोक्यावर द्यायले घरचं लुगडं आणू का विचारलं, तर इनचार्ज सिस्टर म्हणाल्या ते आत येणार नाई. थोड्या वेळानं स्वतःच ऑपरेशन थेटरचं धुतलेलं हिरवं कापड आणून दिलं. "हात सोडशील तर जवळून हलायचं नाई. नळी निघाली तर तू जाण अन् सर जाणे."
तिच्या भासऱ्याले, बाबाजींले, आवारात गाठलं. आंघोळ करून टोपी वाळत घातलेली. म्हटलं, उद्या आत यायच्या आधी खाकरा.
"घरी तर मी उंबऱ्याच्या बाहेरूनच खाकरतो. इथं शिपायानं दटावलं ना मले. आवाज करू नका म्हणे."
दारावर पाटी आहेच. शांतता राखा. म्हणून हा माणूस आठवडाभर चोरपावलानं येऊन राहिला अन् ती बिचारी डोकं उघडं टाकून...

१६ जाने., शुक्र.
औषध बंद. हिरवं कापड डोक्यावर. पट्टी सोडली.
दारातून खाकरणं. चांगलं दमदार. दोन बेडवरच्या सिस्टर वळल्या.
हात उठला. माह्या हाताले सवय, तोही उठला. मागं घेतला मी. तिचा हात नळीपाशी आला, नळीच्या बाजूनं वर गेला, कापडाची कड कपाळावर ओढली. खाली आला.
बीपी थोडंसं वर, मग जागेवर.
बाबाजी म्हणे, "तिले सांगा, वगारीचं नाव ठेवायचं आहे."
सांगितलं. तिनं डोळे मिटून उघडले. मग स्वतःच्या श्वासावर. तेजू मशिनकडे पाहून राहिली, मी बाईकडे. पास.
सरांनी गळ्याचं रद्द नाई केलं, पुढं ढकललं. बस झालं.

१७ जाने., शनि.
सकाळी नळी काढली. पहिलं वाक्य, घोगरं, मले: "हात काहून बांधला व्हता?"
चुकलं, मावशी.
"हं."
ती नाराजी ऐकून इतका आनंद मले कधी झाला नाई. पण तेजू म्हणे उड्या नको मारू, दोन दिवस जड. खोकून कफ निघाला नाई तर नळी परत.
केस प्रेझेंटेशनमध्ये पदर कोणत्या मथळ्याखाली लिहू? हात-पाय? मेंदू?

१८ जाने., रवि.
श्वास पहाटेपासून जोरात. ऑक्सिजन वाढवला. कफ घरघरते, खोकला निघत नाई. "जोर लावा मावशी," तेजू. नुसती मान हलते. सर संध्याकाळी येऊन ठरवणार. नळीचा ट्रे बाजूले तयार. मी त्याच्याकडे पाठ करून उभा.
भेटीची वेळ. दारातून खाकरणं.
हात गेला. कापड सावरलं. सावरताना ती उशीवर थोडी वर सरकली, अन् खोकला आला. पोटातून. कफ निघाला, तेजूनं ओढून घेतला. "अजून एकदा." आला.
आवाज थोडा मोकळा. बाबाजी पायथ्याशी. ती माह्याकडे पाहून म्हणे, "त्यायले सांगा, नाव घरी आल्यावर ठेवीन."
श्वास अजून जोरातच आहे. ट्रे तिथंच आहे. सर यायचे आहेत.
मी दोन पावलं जाऊन बाबाजींले सांगितलं. त्यांनी ऐकलंच होतं. तरी पूर्ण ऐकून घेतलं.