अकरा सुया

सोमवार, १२ फेब्रुवारी

तीर्थरूप दादा,

नमस्कार. आपले गुरुजी सांगायचे, पत्रात आधी समोरच्याची खुशाली विचारावी, आपलं रडगाणं मागून. तर तुझे गुडघे कसे आहेत? कपाळावरचा चष्मा अजून वहिनीच शोधून देते ना?

इकडे ठीक. दुकान महिनाभर बंद ठेवतोय. मशीनला तेल देऊन झाकलंय. गिऱ्हाइकांचे कपडे देऊन झाले, एका कोटाचं अस्तर तेवढं राहिलं.

दिवाळीआधी माझ्याच पँटची कंबर मी दोनदा आत घेतली. दुसऱ्यांदा बायकोने हातातली टेप हिसकावली. "चार इंच? अहो, माणूस आहात की हँगर?" दुसऱ्या दिवशी तिने मला दवाखान्यात नेलं.

जठराचा कर्करोग निघाला, दादा. बराच वाढलेला. लिहून टाकलं एकदाचं.

घाबरू नकोस. दोन-तीन महिने शिरेतून औषधं दिली, गाठ आकसली आहे. गुरुवारी ऑपरेशन. सर्जनबाई वयाने लहान, पण बोलणं तुझ्यासारखं सरळ. त्यांनी कागदावर पोट काढून दाखवलं. एक रीत, बेंबीपर्यंत उभं उघडायचं. दुसरी, पाच-सहा छोटी भोकं पाडायची. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून अवजारं. आजार एवढा वाढल्यावर दुसरी रीत पहिलीइतकीच भरवशाची आहे का, हे त्यांच्या इस्पितळात तपासताहेत. जो रोगी राजी असेल त्याला कोणती रीत, ते संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो. मी राजी झालो.

विचारलं, "बाई, भोकातून सगळं दिसतं?"

"दिसतं मोठं, पण थेट हाताला लागत नाही. आतून काढायचं ते दोन्हीकडे तेवढंच. भोकांनी माणूस लवकर हिंडूफिरू लागतो. पुढची वर्षं कुणाला किती, तेच तर बघतोय."

"आणि मध्येच अडलं तर?"

"तर तिथेच उघडणार. तिथे हट्ट कामाचा नाही."

मला हसू आलं. बायकोला वाटलं, भीतीने डोकं फिरलं.

तुझ्या दुकानात मी हाताखाली होतो, तेव्हाचा तो करडा कोट आठवतो? तू म्हणालास, "अस्तर पूर्ण उसव, आत बघ, मग शिव." मी म्हणालो, "चार बोटांच्या फटीतून करतो, कुणाला कळणारही नाही." संध्याकाळी दुकान बंद करताना रोजच्यासारखं तू विचारलंस, "सुया किती?" मी म्हणालो, "बारा." आठवड्याने गिऱ्हाईक खांदा रक्ताळून आलं आणि भर दुकानात तुला आंधळा शिंपी म्हणालं. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. वर मीच तुझ्यावर फुगलो आणि वेगळं दुकान थाटलं. नऊ वर्षं झाली.

दादा, मी अकरा मोजल्या होत्या. बारावी आत तुटल्याचं बोटांना कळलं होतं. उसवायचा आळस नव्हता. तू बरोबर ठरशील, एवढंच नको होतं.

संगणकाने मला छोटी भोकं दिली. माझीच रीत बघ! पण बाई म्हणाल्या, पोट बंद करण्याआधी नर्स सुया, कापडाच्या घड्या, अवजारं सगळं मोजतात. आकडा जुळल्याशिवाय शेवटचा टाका नाही. ते ऐकल्यापासून जीव निवांत आहे. खरंच. अन्न चार घास जातं, पण गोड लागतं. सकाळी देवापुढे बसतो तेव्हा माझ्यासाठी काही मागत नाही, बाईंचा हात स्थिर राहू दे म्हणतो.

तो राहिलेला कोट टेबलावर आहे. अस्तर पूर्ण उसवून ठेवलंय. वेळ मिळाला तर बघ, किल्ली बायकोकडे आहे.

आणि एक मागणं. गुरुवारी सकाळी आठला इस्पितळात ये. बायको बाहेर एकटी असेल, तिच्याजवळ बस. नर्स दार उघडून बाहेर आली, की बाकी सगळं मागून, आधी तुझ्या त्या आवाजात विचार, "सुया किती?"

तुझा, अकराच मोजलेला,
धाकटा