बँडेजमधले डॉक्टर

१ ऑक्टोबर १९५६, सोमवार. न्यूयॉर्क

ठरलं. मालिका सोडायची. चार वर्षं रोज दुपारी पंधरा मिनिटं डॉक्टर ग्रेगरी होऊन गृहिणींना रडवतोय, तेही थेट प्रक्षेपण, मधे मधे साबणाच्या जाहिराती. वेंडेल प्रुइटची जागा रंगभूमीवर आहे. उद्या निर्मात्या मिसेस ओल्सनना तोंडावर सांगणार. वाक्यं पाठ केलीत.

२ ऑक्टोबर

सांगितलं. जवळजवळ. बाईंनी करारच पुढे ठेवला. कंपनी मला हवं तेव्हा काढू शकते. मी मात्र आणखी तीन वर्षं हलू शकत नाही. सही करताना हे कलम वाचायचं राहिलं, कारण पेन फार छान होतं. मग म्हणालो, निदान भूमिकेला खोली तरी द्या. बाई नुसत्या हसल्या. वचकल्या असाव्यात.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

डॉक्टर ग्रेगरीच्या मोटारीला अपघात. खोली येतेय.

८ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टर बेशुद्ध. सबंध चेहऱ्याला बँडेज, डोळ्यांसकट. नाकपुड्या तेवढ्या उघड्या. एकही वाक्य नाही. माझ्या बायकोचा, लोर्नाचा, भाऊ क्लाइड म्हणाला, दाजी, ही शिक्षा आहे. क्लाइड फ्रीज विकतो, त्याला काय कळणार? वाक्यं कोणीही म्हणेल. नुसत्या श्वासावर माणूस उभा करायला नट लागतो.

१० ऑक्टोबर

नाकाला खाज. हात हलवला तर डॉक्टर शुद्धीवर आले असं अख्खा देश समजणार. सहन केलं. घरी लोर्नाला विचारलं, आजचा श्वास कसा वाटला? म्हणाली, कुठला? मी तेव्हा बटाटे सोलत होते. बायकोला नवऱ्याची कला दिसत नाही, हे सगळ्याच मोठ्या नटांचं दुखणं.

१२ ऑक्टोबर

नाटक कंपनीचं बोलावणं! मोठी भूमिका. ऑडिशन सोमवारी, नेमकी प्रक्षेपणाच्या वेळेला. भूमिका मिळाली तर त्यांचाच वकील माझा करार मोडून देणार. म्हणजे सुटलोच. क्लाइड माझ्याच अंगकाठीचा आहे, आणि बँडेजमधे सगळे सारखे. बँडेज बांधणाऱ्या बाईला चॉकलेटचा डबा देऊन पटवलं. क्लाइडला बजावलं, उगाच अभिनय करू नकोस. तो म्हणाला, दाजी, पडूनच राहायचंय ना?

१५ ऑक्टोबर, सोमवार

ऑडिशन बरी झाली. दिग्दर्शक मधेच म्हणाला, मिस्टर प्रुइट, डोळे उघडून बोलाल का? सवय लागलीय, दुसरं काय. मग म्हणाला, हात हलवलेत तरी चालेल. हात हलवायचं मनात आणेपर्यंत पुढच्याला बोलावलं.

घरी आलो तर लोर्नाचे डोळे सुजलेले. म्हणाली, आज पहिल्यांदा वाटलं, तू खरंच वाचणार नाहीस. क्लाइडला बाजूला घेऊन विचारलं, काय केलंस रे? म्हणाला, काही नाही दाजी, गादी मऊ होती, झोप लागली.

लोर्नाला खरं सांगणार होतो. नाही सांगितलं. चार वर्षांत ती माझ्यासाठी पहिल्यांदाच रडली होती.

१८ ऑक्टोबर

नाटकात दुसऱ्याला घेतलं. डोळे उघडे असतील त्याचे.

इकडे सोमवारच्या भागावर प्रेक्षकांच्या पत्रांचा पाऊस. साबणवाले खूश. मिसेस ओल्सन म्हणाल्या, तुमच्यात एवढी ताकद आहे हे माहीतच नव्हतं, डॉक्टरांना आता शुद्धीवर आणायचंच नाही. विचारलं, कधीपर्यंत? म्हणाल्या, करार आहे की तीन वर्षं. मी आभार मानले. का मानले कोण जाणे.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

आडवा झालो. नर्स झालेली बाई रोजचं वाक्य म्हणाली, डॉक्टर, माझं ऐकू येतंय का तुम्हाला? आणि मला एकदम रडू आलं. नाटकातलं नव्हे, खरं. हुंदका दाबला, हाताचं बोटसुद्धा हललं नाही. बँडेज आतून भिजून गेलं. आयुष्यात इतकं खरं काम मी कधी केलं नव्हतं.

जेवायला वाढताना लोर्ना म्हणाली, आज काही जमलं नाही रे. सोमवारी कसा छान पडला होतास, तसा पड.