संपलेल्या तुकड्याची जागा

भिंगार,
ता. १५ फेब्रुवारी १९७३

प्रिय नीलू,

सप्रेम आठवण. तुझं पुडकं काल पोचलं. एवढं जाड पुडकं पाहून पोस्टमनला वाटलं माझ्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या, आणि संध्याकाळपर्यंत आळीभर ती वार्ता झाली. मुंबईहून आलेत ते कॉम्प्युटरचे कागद आहेत, नवरा नव्हे, हे घरोघरी सांगत बसावं लागलं. अण्णांची तब्येत बरी आहे. उजवा हात अजून उचलता येत नाही, बोलणं तर नाहीच, पण सकाळी माझा आधार धरून अंगणातल्या उन्हापर्यंत येतात. मेसच्या आमटीबद्दल तू काही लिहिलं नाहीस, तेव्हा ती होती तशीच असणार.

आधी कामाचं. कंपायलरमधली तुझी दुरुस्ती मी ओळ न् ओळ वाचली. अगं, किती दिवसांनी कुणीतरी मला औषधाची वेळ सोडून दुसरं काही विचारलं. कागद पसरून बसले ती जेवायचंच विसरले. तुझे आभार कसे मानावेत कळत नाही, म्हणून भांडते: अक्षर सुधार.

शेजारच्या गोजरबाई अण्णांचं करायला मला हात देतात. त्यांनी विचारलं, "येवढं काय वाचती गं? काय लिव्हलंय त्यात?" मी सांगितलं, यंत्राला काम करताना आकडे ठेवायला जागा लागते, तिला आम्ही स्टॅक म्हणतो. आमचा कंपायलर, म्हणजे आमचं लिहिणं यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, कामाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी जागा अडवून देतो. पहिला तुकडा संपून दुसरा सुरू झाला तरी पहिल्याची जागा नुसती पडून राहते, आणि यंत्राची मेमरी मुळात टीचभर. माझी मैत्रीण म्हणते, संपलेल्याची जागा पुढच्याला द्या. गोजरबाई म्हणाल्या, "मंग त्यात काय? आपन ह्या खाटंचं त्येच करतो की."

खरंच आहे. आमची बाहेरची खोली एकच. अण्णा उन्हात गेले की त्यांच्या खाटेवर माझ्या शिकवणीच्या मुली बसतात, आणि ते आत यायच्या आधी उठतात. त्यामुळे तुझी कल्पना मला तिथल्या तिथे पटली आणि मी सही करणारच होते. दुसऱ्याच्या सहीशिवाय दुरुस्ती मशीनवर चढवायची नाही हा आपला नियम, आणि मार्तंडसाहेबांनी हापिसातली इतकी माणसं सोडून ती सही भिंगारहून मागवली. ते का, हे मला समजलं: मी अजून तुमच्यातलीच आहे, हे मला जाणवावं म्हणून.

आज सकाळी गोजरबाईंनी खाट झाडली. उशीखाली आईचा अडकित्ता असतो, तो मुलींना लागेल म्हणून त्यांनी फडताळात ठेवला. अण्णा आत आले, बसले, डाव्या हाताने उशीखाली चाचपलं. पुन्हा चाचपलं. विचारता येत नाही गं त्यांना. नुसतं डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गोजरबाई कळवळल्या, म्हणाल्या, "मला वाटलं, ते उठून गेलं म्हंजी खाट मोकळी झाली." अडकित्ता हातात दिला तेव्हा कुठे शांत झाले.

ते निजल्यावर मी तुझे कागद पुन्हा काढले, आणि चूक सापडली. संपलेल्या तुकड्याची सगळीच जागा तू पुढच्याला देऊन टाकतेस. पण तुकडा संपला तरी त्यातल्या काही किमती, म्हणजे साठवलेले आकडे, जपायच्या असतात. प्रोग्रॅम पुन्हा त्या तुकड्यात आला की त्याला त्या होत्या तशाच लागतात. तुझ्या दुरुस्तीत त्यांच्यावर दुसऱ्याचे आकडे बसतील, आणि यंत्र तक्रारसुद्धा करणार नाही, चुकीची उत्तरं देत राहील. तेवढ्या किमती वेगळ्या काढून स्टॅकच्या तळाशी ठेव, बाकीची जागा खुशाल वाटून टाक. कुठे बदलायचं तिथे खूण केली आहे. सही मी खाली करूनच ठेवली आहे, तू ते नीट करशील याची मला खात्री आहे. काम सुरेख झालंय नीलू. मला हे सुचलं नसतं.

आता तू न विचारलेलं. महिनाअखेर माझी रजा संपते. मी रुजू झाले तर तुझी हंगामी नेमणूक संपते. हे तुला ठाऊक आहे, तरी सबंध पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही. उलट लिहितेस, "तुझं टेबल रोज पुसते, कुणाला बसू देत नाही." ते वाचून मी रडले, खोटं कशाला सांगू.

मी येत नाही. अण्णांना मुंबईच्या खोलीत कोंडता येणार नाही, त्यांना अंगण हवं. नगरच्या एका मुलींच्या शाळेत जूनपासून गणित शिकवायला बोलावलंय. वाईट वाटतं, फार वाटतं. पण शिकवणीतल्या मुली हुशार आहेत, आणि परवा अण्णा माझा हात सोडून थोडं चालले. राजीनामा याच टपालाने मार्तंडसाहेबांना पाठवते आहे, त्यात माझ्या जागी तुझं नाव सुचवलंय. नुसता राजीनामा लिहून उठले असते तर जन्मभर चुटपुट लागली असती. तू मला काम करता करता निरोप घेऊ दिलास, हे मी विसरणार नाही.

तेव्हा आता टेबल पुसणं पुरे, त्याच्यापाशी बस. फक्त उजव्या खणात, अगदी मागे, माझी अर्धी झिजलेली लाल पेन्सिल आहे. ती तेवढी हलवू नकोस.

तुझीच,
विजया