एकोणीस मुलं, वीस आवाज

ती. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघे कसे आहेत? घशाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुला बोलायची बंदी केली, त्याला तीन महिने झाले. सध्या घरची माणसं पाटीवर लिहिलेली बोलणी खातात, असं वहिनीनं कळवलंय. (आणि पाटीवर तू आधी त्यांचं शुद्धलेखन सुधारतेस, मग रागावतेस म्हणे.) मी बरी आहे. ताप नाही, खोकला नाही, फक्त भुताची शंका आहे, आणि ती तुझ्याखेरीज कुणाला विचारायची सोय नाही.

पाच वर्षांपूर्वी तू निवृत्त झालीस आणि तुझा दुसरीचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. खोली तीच, टेबल तेच, कुरकुरणारं कपाटही तेच. यंदा मुलं एकोणीस. त्यांचं प्रकट वाचन म्हणजे ब, क, री, बकरी, मग दम, मग खिडकीबाहेर बघणं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहेच, पोराचे ओठ मिटायच्या आत मी चूक काढलेली असते. त्यातून एका पोरीनं तोंड उघडायचंच सोडलं. तिला सगळे मुंगी म्हणतात. मोठ्या बाईंनी सांगून टाकलंय की येत्या शुक्रवारी तपासनीसांसमोर तिनं एक पान एकटीनं वाचलं तर ठीक, नाहीतर परत पहिलीत, धाकट्या भावाच्या शेजारी. हे तिच्या कानावर गेलंय. तेव्हापासून ती डबा भिंतीकडे तोंड करून खाते.

मग मी रोज अकरा वाजता सगळ्यांना एकत्र वाचायला लावलं. ओळीखाली बोट, एकच पान, पाच वेळा. चौथ्या दिवशी लक्षात आलं की एक आवाज जास्त आहे. सगळ्यांच्या अर्धा शब्द पुढे, आणि मुलं निमूटपणे त्याच्या मागून चाललेली. डोकी मोजली, एकोणीस. माझं तोंड बंद होतं. (दुर्मीळ घटना, म्हणून नीट आठवतंय.) बाकांखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं; एक डस्टर आणि एक पायमोजा मिळाला. शेवटी मी सांगितलं, ज्याच्या डोक्याला हात लावीन त्यानं गप्प व्हायचं. एकेक करत एकोणीसही गप्प झाली. आवाज चालूच. ‘बकरीनं बादलीत डोकावलं आणि’, इथे एक श्वास, ‘पाण्यातली बकरी तिच्याकडे बघून हसली.’ पूर्णविरामाशी तो थांबला. घाबरले तर होतेच. पण खोटं कशाला बोलू, पूर्णविराम अगदी बिनचूक होता.

आत्या, ‘आणि’नंतर असा श्वास जगात फक्त तू घेतेस. आणि तू शिकवलेली मी. मी तर गप्प होते.

कोण वाचत होतं, असं मी मुलांना विचारलं, तर ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायला लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मुंगी बोलली. “बाई, त्या बाई तिसऱ्या बाकावर बसतात. आपलं चुकलं तर थांबतात. ओरडत नाहीत.” तिसऱ्या बाकावर पाहिलं तर तिघं एका टोकाला दाटीवाटीनं बसलेली, आणि कडेला एका माणसापुरती जागा मोकळी. हात लावला. लाकूड कोमट होतं. (हात लगेच उचलला. शौर्य माझं एवढंच.)

औषधांची चौकशी केल्यासारखं दाखवून वहिनीला पत्र टाकलं. तिचं उत्तर आलं. रोज अकराला तू खिडकीशी खुर्ची ओढून डोळे मिटून बसतेस, ओठ हलत असतात, हाक मारली तरी ऐकू जात नाही, आणि सव्वाअकराला दमल्यासारखी तांब्याभर पाणी पितेस. मंगळवारी तेवढी बसली नाहीस. मंगळवारी आमच्याकडे सकाळी दहाला अचानक सुट्टी जाहीर झाली होती. तुला कुणी कळवलं?

घाबरायचं सोडून मी आता नीट ऐकते. मूल अडलं की आवाज थांबतो. मी बोटांवर मोजलं, चांगला पाचापर्यंत. मग तेवढा एकच शब्द सांगतो. गाडी रुळावर आली की हळू होत जातो. मला फार लाज वाटली. इतक्या वर्षांत मी कुणासाठी दोनापर्यंतसुद्धा थांबले नव्हते. आता थांबते. काल मुंगीनं अर्धं पान मोकळ्या आवाजात वाचलं. पण त्यात तिचं किती आणि तुझं किती, ते मला सांगता येईना.

घरच्या सगळ्यांना नमस्कार, पाटीला विशेष.

तुझी,
(अजून शाबूत असलेली) भाची

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. शुक्रवारी अकराला तपासनीस येतील. त्या दिवशी कृपा करून झोपून राहा, नाहीतर तोंडात पाण्याचा घोट धरून बस. पोरीला एकदा तरी तिचा आवाज एकटा ऐकू दे. बोलायची बंदी असलेल्या बाईला गप्प राहा म्हणून विनवणारी मी पहिलीच असेन.

दुसरं ता. क. वर लिहिलंय ते अगदी मनापासून. पण ती उभी राहिली, मी दहापर्यंत मोजलं आणि तरी तिच्या तोंडून काही फुटलंच नाही, तर आत्या, पहिला शब्द तेवढा सांग. एकच, आणि हळू. तपासनीसांना काय सांगायचं ते मी बघून घेईन.