लिटरला अठ्ठावीस

३० मार्च, रविवार. पाडवा.
गाडी आली. हायब्रीड. हार, पेढे, फोटो सगळं झालं. सेल्समन म्हणाला, सर, लिटरला अठ्ठावीस, आणि ट्रॅफिकमध्ये तर मजाच, कारण उभं राहिलं की इंजिन बंद आणि ब्रेक मारला की बॅटरी चार्ज. म्हणजे हिंदमाताच्या सिग्नलला जितकं अडकू तितका आपलाच फायदा! आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी दादरच्या माणसाचा विचार करून गाडी बनवली आहे.

अंबिकाला सांगितलं, तुझ्या गुडघ्यासाठी घेतली. फेब्रुवारीत तिचा डावा गुडघा बदलला. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार परळला फिजिओथेरपी. तिने लगेच चावी मागितली. नोकरीत असताना वीस वर्षं मारुती चालवायची, पण म्हणून काय झालं? हायब्रीड म्हणजे शास्त्र आहे. म्हटलं, आधी मी समजून घेतो.

तिसऱ्या मजल्यावरचा जयवंत परब खाली टपकलाच. लालबागचा. दोन वर्षांपूर्वी इथे आला आणि बिल्डिंग बापाची असल्यासारखा वावरतो. सीएनजीवाला. म्हणाला, काका, गाडी एक नंबर, पण अठ्ठावीस फक्त कागदावर हां. पेढा मात्र दोनदा घेतला.

संकल्प : अठ्ठावीस. सत्तावीस पॉइंट नऊही चालणार नाही.

२ एप्रिल, बुधवार.
ऑफिसला दांडी मारून अंबिकाला परळला नेलं-आणलं. स्क्रीनवर ॲव्हरेज तेरा. तेरा!! घरी येऊन मॅन्युअल वाचलं. इंजिन थंड असलं की गरम होईपर्यंत ते चालूच राहतं, त्यामुळे छोट्या फेऱ्यांना ॲव्हरेज बसत नाही. म्हणजे दोष गाडीचा नाही, फिजिओथेरपीचा आहे.

अंबिकाला विचारलं, ठाण्याला चांगला फिजिओ नाही का कोणी? ती गुडघ्याला मलम चोळत राहिली. विचार करत असावी.

५ एप्रिल, शनिवार.
भायखळ्याच्या मार्केटला गेलो. एसी बंद. काचाही बंद, कारण उघड्या काचेतून वारा शिरला की गाडी मागे ओढली जाते. अंबिका म्हणाली, अहो, मी भाजी आणायला आले होते, शिजायला नाही. विनोद करायची ही वेळ नव्हे.

ब्रेक हळूहळू, लांबून दाबायचा, म्हणजे बॅटरी चार्ज होते. हे मागच्या लोकांना कळत नाही. लालबागला एका टॅक्सीवाल्याने माझ्या आईचा उद्धार केला. बेस्टच्या ड्रायव्हरने खिडकीतून वाकून विचारलं, काका, धक्का मारू का? अडाणी शहर. पण ॲव्हरेज सोळा झालं. प्रगती आहे.

९ एप्रिल, बुधवार.
निर्णय घेतला. छोट्या फेऱ्या बंद. परळला अंबिकाने टॅक्सीने जावं.

संध्याकाळी कळलं, जवळचं भाडं म्हणून चार टॅक्सीवाल्यांनी नाही म्हटलं. अर्धा तास काठी टेकत उन्हात उभी होती. संताप आला. आजारी बाईला उन्हात उभं करतात! या शहरात माणुसकी म्हणून राहिलेली नाही. तिला तसं म्हटलं. ती बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवून आडवी झाली.

१३ एप्रिल, रविवार.
स्क्रीनवर माझा विश्वास नाही. तीस वर्षं ऑडिट केलंय मी. कंपनीच्या गाडीचं ॲव्हरेज कंपनीच्याच स्क्रीनने सांगायचं, म्हणजे आपल्या लग्नात आपणच मंगलाष्टका म्हणायच्या! किलोमीटर आणि ॲव्हरेज दिसतं तिथे काळी टेप लावून टाकली.

आता माझी पद्धत. टाकी काठोकाठ भरायची, मी चालवलेले किलोमीटर मोबाइलच्या नकाशावरून घ्यायचे, पुन्हा काठोकाठ भरायची, भागाकार. पंपावरच्या माणसाला म्हटलं, अजून घाल. तो म्हणाला, साहेब, आता बाहेर येईल. वाद झाला. मागे रांग लागली होती, लागू दे.

१८ एप्रिल, शुक्रवार.
टॅक्सीची तक्रार बंद झालीय. अंबिका परळला जाते, येते, हूं की चूं नाही. सवय लागली की माणूस बरोबर ताळ्यावर येतो. परवा तर काठी घरीच विसरून गेली. रंगही सुधारलाय. कोपऱ्यापर्यंत चालावं लागतं, त्याचा फायदा.

मी ऑफिसला, म्हणजे फोर्टला, बसनेच जातो. गाडी नेली तर पार्किंग शोधण्यात किलोमीटर फुकट जातात. दोन आठवड्यांत फक्त रविवारी बाहेर काढली. गाडीची तब्येत जपायला हवी.

२७ एप्रिल, रविवार.
टाकी भरली. भागाकार केला. अकरा.

पुन्हा केला. अकरा. ट्रकला यापेक्षा बरं पडत असेल.

पंपावरच उभा राहून विचार केला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एवढी मोठी कंपनी एवढं खोटं बोलणार नाही. माझं ड्रायव्हिंग तर निर्दोष. मग उरलं काय? पेट्रोल चोरीला जातंय.

२८ एप्रिल, सोमवार.
चोर कोण ते उघड आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये गाड्या एकीमागे एक लागतात, म्हणून सगळ्यांच्या चाव्या वॉचमन रामूच्या केबिनमध्ये खिळ्यांना टांगलेल्या. मागच्याला निघायचं असलं की रामू पुढची हलवतो. सोसायटीचा नियम. म्हणजे कुणीही यावं, खिळ्यावरून चावी काढावी आणि लूट करावी. आणि माझ्या गाडीमागे कोणाची गाडी लागते? परबची.

रामूला दरडावून विचारलं, जयवंत माझ्या गाडीजवळ येतो का? तो चाचरला. म्हणाला, एकदोन दिवस आले होते साहेब, पण ते... पुढे बोलेना. मला तेवढं पुरे. अंबिकाला सांगितलं, रविवारच्या मीटिंगमध्ये याला उभा सोलतो. ती म्हणाली, सोसायटीत नका बोलू, घरात बोलू या आधी. घाबरट. मी म्हटलं, अन्यायाविरुद्ध चारचौघांतच बोलायचं असतं.

४ मे, रविवार.
हे लिहू की नको.

मीटिंग गच्चीत होती. विषय पाण्याच्या टाकीचा होता, मी हात वर करून पेट्रोलच्या टाकीवर आणला. सगळं मुद्देसूद मांडलं. अठ्ठावीस, अकरा, खिळा, चावी, परब. जयवंत उठला आणि म्हणाला, काका, माझी गाडी सीएनजीवर. तुमच्या पेट्रोलचं मी करू काय, माशाच्या कालवणात घालू? लोक हसले. मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा!

तेव्हा मागच्या खुर्चीवरून अंबिका उठली. काठीशिवाय. म्हणाली, त्याला चोर म्हणू नका. पेट्रोल मी जाळते.

सगळ्यांसमोर सांगितलं तिने. टॅक्सी मिळेना तेव्हापासून, मी ऑफिसला गेलो की रामूकडून चावी घेते. परळला स्वतः जाते. नवीन गाडी हातात बसावी म्हणून पहिले दोन दिवस जयवंतने शेजारी बसून कॉटन ग्रीनकडच्या मोकळ्या रस्त्यावर फेऱ्या मारून घेतल्या. आता फिजिओ झाल्यावर ती अशीच जरा वरळीपर्यंत जाऊन येते. एसी लावून. पहिल्या मजल्यावरच्या सुभद्राबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच.

कुंपणच शेत खात होतं आणि मी राखण करत बसलो होतो.

५ मे, सोमवार.
रात्रभर हिशेब करून सकाळी तिला शांतपणे सांगितलं. तुझे किलोमीटर मिळवले की ॲव्हरेज एकोणीस येतं. म्हणजे चोरी झालेली नाही, जयवंत सुटला. पण याचा दुसरा अर्थ असा, की माझं शुद्ध ॲव्हरेज तुझ्यामुळे गढूळ झालं. तुला वगळून अठ्ठावीस असणारच.

ती म्हणाली, मला वगळूनच चाललंय की तुमचं सगळं.

विषयाला धरून बोलत नाही, हीच अडचण.

६ मे, मंगळवार.
जयवंतची माफी मागावी असं सुभद्राबाई म्हणतात. मागेन. आधी त्याने सीएनजीचा खरा आकडा सांगावा.

चावी खिळ्यावरून काढली. आता माझ्या खिशात.

७ मे, बुधवार.
सगळे माझ्यावर उठलेत. चावी खिशात घेऊन मी फोर्टला गेलो आणि माझ्यामागे तीन गाड्या दिवसभर अडकल्या. जयवंतला रिक्षा-टॅक्सी करत अंधेरीला जावं लागलं. सेक्रेटरीचे सात मिस कॉल. संध्याकाळी गेटवर त्यांनी मला उभं करून झापलं, म्हणाले, चिंतामणराव, गाडी घेतलीत की सूड? मी म्हटलं, दोन्ही एकाच डाउन पेमेंटमध्ये बसलं. कोणी हसलं नाही.

अंबिकाची फिजिओ चुकली. टॅक्सी मिळाली नाही म्हणे. म्हटलं, एका दिवसाने काय बिघडतं. ती आत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. आवरत असावी. उन्हाळ्यात आवरलेलं बरं.

१० मे, शनिवार. सकाळ.
आंघोळ करून बाहेर आलो तर पँटच्या खिशात चावी नाही. अंबिका नाही. बॅग नाही. खाली गाडी नाही. रामू म्हणाला, मॅडम चौलला गेल्या, बहिणीकडे. अटल सेतूवरून जाणार म्हणाल्या.

शंभरच्या वर किलोमीटर. एकटी. पाच वेळा फोन केला. उचलला नाही. टोल भरायचा असतो, घाट नाही पण वडखळला ट्रक असतात, तिला सांगायचं होतं की ब्रेक लांबून दाब.

दुपार.
मेसेज आला. गाडीच्या स्क्रीनचा फोटो. टेप काढून टाकलेली. ॲव्हरेज २७.९. खाली लिहिलं होतं, पोचले, एसी सगळा वेळ चालू होता, वाटेत वडा खाल्ला.

बराच वेळ फोटो मोठा करून बघितला. कोनामुळे आकडा चुकीचा दिसत असेल म्हणून आडवा करून बघितला. सत्तावीस पॉइंट नऊच. विचारलं, टायरमध्ये हवा किती होती? निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. विचारलं, स्पीड किती ठेवलास? उत्तर नाही. विचारलं, परत कधी? त्यालाही नाही.

संध्याकाळ.
जयवंत डबा घेऊन आला. म्हणाला, काकी सांगून गेली, काकांना वरणभातसुद्धा जमत नाही, बघ जरा. आत आला नाही, दारातूनच दिला. मी त्याला बस म्हणालो. माफीही मागितली, आकडा न विचारता. तो म्हणाला, ठीक आहे ओ काका, जेवून घ्या, गार होईल. कालवण तिखट होतं. सगळं संपवलं.

मग आणखी काय विचारावं ते सुचेना म्हणून लिहिलं, गुडघा कसा आहे?

उत्तर लगेच आलं. बरा आहे. तीन महिन्यांत आज पहिल्यांदा विचारलंत.

मागचे मेसेज वर वर सरकवत फेब्रुवारीपर्यंत जाऊन बघितलं. खरं आहे.