मामांना विचारलेला प्रश्न

नंदुरबार
रविवार, १२ ऑक्टोबर १९४७

आज दुपारी मामा-मामी कराचीहून आले. आगबोटीने मुंबई, तिथून सुरतेवरून आगगाडीने इथे. सोबत एकच ट्रंक. मामा तिकडे बंदरावर कारकून होते. येत्या मार्चात मॅट्रिक झाली की मी त्यांच्याकडे राहून कॉलेजात जायचे, असे दोन वर्षांपासून ठरले होते.

आणि मी काय केले? मामांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला होता, तेवढ्यात विचारले, "मामा, मन्हा कॉलेजनं काय?" प्रवास कसा झाला, घराचे काय झाले, काही नाही. आधी माझे कॉलेज!

मामा तांब्या खाली ठेवून म्हणाले, "कॉलेज तठेच शे, बेटा. आम्हीच नई ऱ्हायनूत."

नंतर मी पुण्याचे नाव काढले, तर बापू म्हणाले, "एकली पोरले परका गावले कशी धाडू? मामानं घर व्हतं म्हनीसन हा म्हनं व्हतं." म्हणजे संपलेच. राग तरी कुणावर धरू?

पण तो प्रश्न. तो विचारायलाच नको होता. संध्याकाळी मामी चुलीपाशी एकटीच बसलेली दिसली, म्हणून माफी मागायला गेले. तिने मला जवळ ओढले. म्हणाली, "तुन्हासाठे खिडकीजोडे टेबल मांडेल व्हतं. निंघनूत त्या दिन सकायले बी ते टेबल पुसीसन ठेवं मी."

मग ती रडली. आल्यापासून पहिल्यांदाच.